दुसऱ्यांदा दूध तोडलं तेव्हा

आमच्या गावात लेकरांचं दूध तोडायचं काम माझ्याकडे असे. लेकरू अडीच-तीन वर्षांचं झालं, दात आले, भाकरी चावायला लागलं, तरी आईच्या पदराखालून निघत नसलं की त्याला माझ्या घरी आणून सोडत. मी चार-आठ दिवस ठेवून घेई आणि तोडून परत देई. माझ्या हाताला गुण होता अशातली गोष्ट नाही. मला मूल झालं नाही. ज्या बाईच्या अंगाला कधी दुधाचा वास लागला नाही तिच्याजवळ लेकरू लवकर आशा सोडतं, असं आमच्याकडे मानतात. बारशाला पाळण्याची दोरी धरायला मला कोणी बोलावत नसे. दूध तोडायला मात्र बोलावत.

तोडायची रीत सोपी आहे. कडुलिंबाचा पाला वाटून आईच्या अंगाला लावतात, ते काही खरं नाही. लेकरू तोंड कडू झालं म्हणून रडतं, आईला राहवत नाही, ती पदराने पुसते आणि पुन्हा पाजते. मी असले उपाय केले नाहीत. लेकरू आणायचं, आईने मागे न बघता जायचं, घरात जे शिजेल ते त्याच्यापुढे ठेवायचं आणि त्याच्या रडण्याकडे बघायचं नाही. बागुलबुवाची भीती घालायची नाही, उद्या आई येईल असं खोटंही सांगायचं नाही. दोन-तीन दिवसांत लेकरू थकतं. आई मात्र थकत नाही. खरी तकलीफ आईची असते.

सगळ्यांत चिवट निघालं ते माझ्या धाकट्या जावेचं पोरगं. आमची घरं एकमेकींना लागून, मधे एकच भिंत. पोरगं अंगणवाडीत बसवलं तरी तिथून पळत येऊन तिचा पदर ओढायचं. माझा दीर, म्हणजे त्याचा बाप, एक दिवस त्याला काखेत मारून माझ्या ओट्यावर टाकून गेला. पोरगं दिवसभर रडून गप्प झालं की भिंतीपलीकडे जावेच्या बांगड्या वाजत. मुद्दाम वाजवायची. पोरगं पुन्हा सुरू. शेवटी मी दिराला म्हणाले, "भाऊजी, लेकरू राहू द्या, तिलाच माहेरी धाडा." त्याने धाडली. ती परत आली तेव्हा पोरगं तिच्याकडे गेलं नाही, माझ्या लुगड्यामागे लपलं. दूध तुटलं होतं. जाऊ दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. ते बघणं ती पुढे विसरली नाही, आणि तिने विसरावं म्हणून मीही काही केलं नाही.

ते पोरगं पुढे शिकलं. वसमतला, मग नांदेडला, मग पुण्याला कंपनीत लागलं. कॉम्प्युटरचं काम. दिवाळीला यायचं, दोन दिवस राहून जायचं. जाऊ दोन दिवस हसायची आणि मग पुढची दिवाळी मोजायची.

मग तो रोग आला. सगळं बंद झालं. पोरगं एका टेम्पोत बसून, तोंडाला फडकं बांधून आलं. आठ-पंधरा दिवसांत जाईल असं आम्हाला वाटलं. पण कंपनी म्हणाली, घरूनच करा. हळदीची पोती ठेवायची खोली त्याला दिली. पोती ओसरीत आली, खोलीत टेबल आलं, खुर्ची आली, खिडकीला कूलर आला. दार लावलं की पोरगं हापिसात, उघडलं की घरात. मधला रस्ताच नाही.

रोग गेला, लोक त्याला विसरले, तरी पोरगं तिथेच. वर्षं गेली.

जावेचं नशीब उघडलं. तिने अख्खी गल्ली गप्प केली. त्याची मीटिंग असली की ती अंगणात येऊन दोन्ही हात हलवायची, म्हणजे सगळ्यांनी तोंडं मिटायची. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून सांडशी घेऊन चुलीपाशी बसायची. कोंबडा होता, तो एकदा साहेब बोलत असताना आरवला म्हणून त्याच दिवशी कापला. माझी शेळी ओरडते म्हणून मला सांगायला आली.

"बाई, शेळी तिकडं मागं बांधता का? त्याचा साहेब इचारून राहिला, कशाचा आवाज हाय म्हणून."

"साहेबाला सांग, शेळीचा हाय. त्यानं कधी बघितली नसंल तर दाखवायला घेऊन येते."

शेळी मी हलवली नाही.

ती त्याला टेबलावर जेवू घालायची. घास करून तोंडात. मी स्वतः खिडकीतून बघितलं. ते कानाला यंत्र लावून कोणाशी तरी इंग्रजीत बोलत होतं आणि ही वाकून, फोटोत दिसू नये अशी टेबलाच्या खाली बसून, संत्र्याची एक एक फोड त्याच्या हातात देत होती. वरून इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी. तिशीला आलेला बाप्या. मला हसू आलं नाही, किळस आली.

मुली बघायला लागले तेव्हा पहिला प्रश्न यायचा, "मुलगा पुण्यात असतो ना?" घरात असतो म्हटलं की चहा पिऊन पाहुणे उठायचे. जाऊ म्हणायची, पोरींना माज आला. माझ्या मते पोरींचे डोळे उघडले होते.

मग कंपनीचं बोलावणं आलं. आठवड्यातून तीन दिवस हापिसात येऊन बसायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. पहिल्या बोलावण्याला जावेने त्याला वसमतच्या डॉक्टरकडे नेऊन पाठदुखीचा कागद आणला. कंपनीने तेवढी मुदत दिली. ती संपली. दुसऱ्या बोलावण्यात त्यांनी शेवटची तारीख घातली. पोरगं म्हणालं, दुसरी नोकरी बघतो, घरून करायची. बघत राहिलं. मिळाली नाही. तशा नोकऱ्या आता आटल्या होत्या म्हणे.

हळद काढायचे दिवस होते. आम्ही हळद शिजवायच्या कढईवर होतो, दिराने घामाने भिजलेलं धोतर झटकलं आणि मला म्हणाला, "वहिनी, पुढच्या सोमवारी न्हाई गेला तर त्याचं नाव कटतंय. त्याच्या मायला सांगून काही होईना. तुमी घेऊन जा त्याला. न्हाईतर मी त्याच्या हातात खुरपं देतो आन त्याला ते बी येत न्हाई."

मी म्हणाले, "तिनं आणून सोडला तर घेते. तुमी सांगून न्हाई घेणार."

तिसऱ्या प्रहरी जाऊ आली. मागे ते पोरगं, पोट पुढे काढून, बापाची चप्पल घालून. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी काखेत होतं, आता तिच्यापेक्षा हातभर उंच. तिने ओट्याखालीच पाय थांबवले.

"बाई, सोमवारपातूर ठेवून घ्या."

"काहून? तुझ्याच्यानं होत न्हाई?"

"माझ्याच्यानं झालं असतं तर आले असते का तुमच्या दारात?"

"मागं बघायचं न्हाई. बांगड्या वाजवायच्या न्हाईत."

पोरगं हसत म्हणालं, "मोठीमाय, मी काय दूधपितं लेकरू हाय का?"

"व्हय," मी म्हणाले. "आत जा. पाय धू."

पहिल्या दिवशी मी चुकले. मला वाटलं, तो लॅपटॉपच त्याचं दूध आहे. त्याच्यातच तोंड घालून बसतं, तेच काढून घेतलं की तुटेल. सकाळी ते तोंड धुवायला गेलं तशी मी लॅपटॉप उचलला आणि ज्वारीच्या कोठीत खाली पुरला. ते आलं, शोधलं, मला विचारलं. मी म्हणाले, न्हाई देणार. मला वाटलं आता रडेल, भांडेल. ते खुशाल चटईवर आडवं झालं आणि झोपलं. दुपारपर्यंत झोपलं. साहेबाचे फोन येत राहिले, त्याने उताणं पडल्या पडल्या फोन बंद केला. सहा दिवसांवर शेवटची तारीख आलेली आणि त्याच्या तोंडावर सुख. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लॅपटॉप तर तिकडेही असणार. तो काही त्याला सोडायचा नव्हता. मी चारा काढून घेतला होता आणि दावं तसंच ठेवलं होतं. कोठीतून लॅपटॉप काढून दिला. कळांच्या फटीत ज्वारीचे दाणे अडकले होते, ते पोरगं काडीने काढत बसलं.

संध्याकाळी कढईजवळ त्याला बसवलं आणि विचारलं.

"तिथं जायला काय होतंय तुला? मारतेत का?"

"मारत न्हाईत."

"मग?"

त्याने एक लाकूड जाळात सारलं. मग म्हणालं, "मोठीमाय, तिथं माझ्यावेळचं कोणी राहिलं न्हाई. सगळे नवे हायत. मी त्यांना पडद्यावर बघितलंय, एवढी एवढी तोंडं. काम मी करतो. कामाचं न्हाई. जेवायची सुट्टी व्हती तवा सगळे घोळक्यानं उठतेत. मी कोणाजवळ बसू?"

"जेवायला शेजारी माणूस लागतंय का?"

"एकटं बसलं तर लोक बघतेत."

"बघू दे. मला लोकानी जलमभर बघितलं."

त्याला ते कळलं नाही आणि मी कळवलं नाही. पण रोग कुठे आहे ते मला सापडलं. चार वर्षांत ते पोरगं परक्या माणसासमोर एक घास जेवलं नव्हतं. गावातसुद्धा पारावर जात नव्हतं. लग्नाच्या पंगतीला जाऊ त्याच्यासाठी डबा भरून आणायची.

वारंगा फाट्यावर एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्रे, चार बाकडी, भज्यांची कढई आणि चहा. मालक मुसलमान, त्याच्या बापापासून तिथेच. बकरीदीला माझ्याकडून बोकड नेतो, भाव करताना एकमेकांना शिव्या देतो, म्हणजे ओळख चांगली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला आंघोळ करायला लावली, पूर्ण पँट घालायला लावली. पँटचं बटण लागेना. मी सुतळी दिली. त्याचे पुण्याचे बूट जावेच्या घरून मागवले, तर एका बुटात उंदरांनी घर केलेलं. पिल्लं काढून टाकली आणि म्हणाले, घाल. डब्यात रात्रीची भाकरी आणि ठेचा. त्याने स्वतः भरला. काळीपिवळी जीपमध्ये बसवून फाट्यावर नेला.

हॉटेलवाल्याला म्हणाले, "हे आमचं पोरगं. दिवसभर बसंल, त्याचं काम करंल. त्याला कोणी साहेब म्हणून मान द्यायचा न्हाई."

त्याने पोराला बुटांपासून वरपर्यंत बघितलं. "बैठाओ की, बाई. पन गिऱ्हाईक आया तो सरकना पडेगा उसको."

"सरकंल. न्हाई सरकला तर ढकल."

कोपऱ्यातल्या बाकड्यावर त्याने दुकान मांडलं. नेट फोनवरून येत होतं. मी पलीकडे बसून राहिले. हळदीच्या गाड्या थांबत होत्या, ड्रायव्हर उतरत होते. एकाने त्याच्या मांडीला मांडी लावून बसकण मारली आणि पडद्यात डोकं घातलं.

"काय हो, कानात काय घातलं? ऐकू येत न्हाई का?"

"मीटिंग चालू हाय," पोरगं हळूच म्हणालं.

"कुठं? मला तर कोणी दिसंना."

"पुण्यात."

"मग पुण्यात काहून जात न्हाई? इथं माझ्या बाकड्यावर बसून राहिला."

दुसरा भजं चावत म्हणाला, "हाकलला असंल त्याला."

मी तिकडून म्हणाले, "हाकलला न्हाई. बोलावलंय. भेतंय."

"कशाला?"

"डबा खायला."

ते सगळे हसले. पोराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जेवायच्या वेळी त्याने डबा उघडलाच नाही. हॉटेलच्या मागे जाऊन उभं राहिलं, मुतायला गेल्यासारखं. परत येताना गाडीत म्हणालं, "तुला काही लाज वाटती का, मोठीमाय?" मी म्हणाले, "न्हाई." डबा घरी येऊन खाल्ला, भिंतीकडे तोंड करून.

पुढच्या दिवशी एकटं पाठवलं. त्याच्या मागोमाग कोणी जात नाही एवढं मी बघत होते. डबा पुन्हा तसाच आला. पण एका ड्रायव्हरने स्वतःच्या फोनचा बिघाड दाखवला, याने करून दिला, असं सांगत होतं. ते सांगताना जेवलं. सांगताना जेवतो आहे हे त्याला कळलं नाही. मला बरं वाटलं, पण बोलले नाही. तुटायला लागलेल्या लेकराला शाबास म्हणायचं नसतं. ते लगेच आईची आठवण काढतं.

जाऊ त्या दिवसांत मला दिसली नाही. दार लावून होती. बांगड्या वाजत नव्हत्या, म्हणून मला संशय यायला हवा होता.

शुक्रवारी सकाळीच तिच्या घरातून भरल्या वांग्याचा वास आला. दीर शेतात, ती उपवासाची. मग वांगी कोणासाठी? मी ओट्यावरून उठले तोवर ती पदराखाली काहीतरी धरून रस्त्याला लागलेली. मी हाक मारली नाही. पुढची काळीपिवळी मिळायला वेळ लागला. फाट्यावर उतरले तेव्हा ती हॉटेलात पोचली होती.

बाकड्यावर, लॅपटॉपच्या बाजूला, तिने डबा उघडला होता. भरली वांगी, तेल सुटलेली. गरम भाकरी फडक्यात. वर दह्याची वाटी. पोरगं कानाला यंत्र लावून बसलेलं, आणि ही घास करून उभी. भोवती सात-आठ माणसं, चहाचे कप हातात, गप्प. पोराने तोंड उघडलं नव्हतं. पण ते उघडणार होतं. मी लांबून बघितलं. मान पुढे गेली होती त्याची.

मी दारातूनच म्हणाले, मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घास काहून देतीस? पदर घे आन पाज त्याला इथंच. सगळे बघतील तरी."

एक ड्रायव्हर हसला. मग सगळे हसले. हॉटेलवाला झारा धरून खाली बघायला लागला.

जावेच्या हातातला घास तसाच राहिला. तिने माझ्याकडे वळून बघितलं, आणि इतक्या वर्षांत जे भिंतीपलीकडून कधी बोलली नव्हती ते बोलली.

"वांझोटीला काय कळतंय दुधाचं!"

हसणं थांबलं. कढईत भजी तळत होती तेवढा आवाज राहिला. माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले ना, मला सवय आहे.

"न्हाई कळत," मी म्हणाले. "म्हणून तर माझ्याकडं आणलंस. दोनदा."

आणि तेव्हा पोराने कानातलं यंत्र काढलं. आधी मला वाटलं, रडतंय. रडत नव्हतं. आवाज एकदम सपाट.

"माय, तू घरी जा. इथं येऊ नको. तिकडं बी येऊ नको."

"अरे, गरम हाय..."

"जा म्हणलं ना. तुझ्यामुळं झालंय हे सगळं."

मग माझ्याकडे वळलं. "मोठीमाय, तू बी जा. दोघी जा इथून."

मी लगेच निघाले. मला अपमान वाटला नाही. दूध तुटताना लेकरू ज्याच्या अंगावर जाईल त्याला चावतं.

बाहेर, रस्त्याच्या पलीकडे, आम्ही दोघी एकाच लिंबाखाली गाडीची वाट बघत उभ्या होतो, मधे चार हात अंतर ठेवून. तिथून हॉटेल समोर दिसत होतं. पोरगं बराच वेळ डब्याकडे बघत बसलं. मग तो डबा उचलून त्याने बाकड्याच्या मधोमध ठेवला आणि शेजारच्या ड्रायव्हरला काहीतरी म्हणालं. ड्रायव्हरने भाकरी मोडली. दुसऱ्याने वांगं उचललं. तिसऱ्याने दह्याची वाटी तोंडाला लावली. एकजण काहीतरी बोलला आणि पोरगं हसलं. हसता हसता त्याने हात पुढे केला आणि त्या माणसाच्या हातातल्या तुकड्यातलाच एक तुकडा घेतला. खाल्ला. सगळ्यांसमोर, तोंड वर करून.

जाऊ ते बघत होती. तिने पहाटे उठून केलेली वांगी होती ती. ती पापणी न हलवता बघत होती, आणि मी तिला म्हणाले नाही की बघू नको. गाडी आली तेव्हा ती पुढे बसली, मी मागे.

रविवारी संध्याकाळी पोरगं ट्रॅव्हल्समध्ये बसलं. दीर सोडायला गेला होता. जाऊ गेली नाही. मीही गेले नाही, माझं काम झालं होतं. दिराने येऊन सांगितलं की पोराने गाडीत बसल्यावर शेजारच्याला विचारलं, कुठं चाललात. स्वतःहून विचारलं. दीर हे असं सांगत होता जणू पोरगं जिल्हाधिकारी झालं.

नोकरी टिकली. पहिल्या आठवड्यात फोन आला, दुपारी, जेवायच्या सुट्टीत. मागे माणसांचा कालवा. जाऊ अंगणात फोनचा आवाज मोठा ठेवून ओरडत होती, जेवलास का, कोण हाय तुझ्यासंगं, पोळी हाय का भाकरी. तो म्हणाला, माय, मागनं करतो, मीटिंग हाय. ती फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. तिकडून बंद झाला होता हे मला भिंतीपलीकडून कळलं, तिला उशिरा कळलं.

मग ती दिवसातून तीनदा फोन करायला लागली. तो एकदा उचलायचा. मग एक दिवसाआड उचलायला लागला. मग रविवारी. होळीला येणार म्हणाला, आला नाही. मित्रांसोबत कुठल्याशा किल्ल्यावर गेला. दिराने ती खोली रिकामी केली, खुर्ची-टेबल ओसरीत आणि हळदीची पोती परत आत. कूलर उचलताना जाऊ मधे पडली, तर तो म्हणाला, "तू काय हापिसात जाणार हायस का?" तिने कूलर सोडला.

माझ्याशी ती बोलत नव्हती. गावात सांगत होती की मी तिचं लेकरू दोनदा तोडलं. बायका ऐकून घ्यायच्या आणि त्यांतल्या दोघी मला येऊन विचारून गेल्या, आमचं बी घरीच बसून राहिलंय, सोमवारपासून बोलावलंय, ठेवून घेता का? ठेवून घेतली. फाट्यावरच्या हॉटेलवाल्याने एक बाकडं वाढवलं.

उन्हाळा तापला तेव्हा एका दुपारी जाऊ माझ्या ओट्यापाशी आली. वर चढली नाही. उन्हातच उभी राहिली. आधी मला वाटलं भांडायला आली आहे, मी शेंगा फोडत होते ते हात थांबवले नाहीत.

"बाई," ती म्हणाली. छातीवर तळहात ठेवला होता. "हितं भरून आल्यावानी व्हतंय. ठणकतंय. झोप लागत न्हाई. डॉक्टर म्हणला काही न्हाई. मी काय करू?"

दूध तोडल्यावर प्रत्येक आई चौथ्या-पाचव्या दिवशी हाच प्रश्न घेऊन येते. गावातल्या सगळ्यांनी विचारलाय. तिनेही मागच्या वेळी माहेराहून आल्यावर विचारला असता, पण तेव्हा ती रागात होती. मी सगळ्यांना जे सांगते तेच तिला सांगितलं.

"आवळून बांध. पिळू नको."

"म्हंजे?"

"फोन करू नको. ठणकतंय म्हणून पिळलं की त्या घटकेला हलकं वाटतंय आन परत भरतंय. मग कधीच आटत न्हाई. त्याचा आला तरी उचलू नको."

"त्याचा आला तरी?"

"व्हय."

ती उन्हात उभी होती. मी तिला पाणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती बसली असती, बसली असती तर रडली असती, आणि रडणाऱ्या आईपुढे माझं काही चालत नाही, माझं लेकरांपुढे चालतं. ती गेली.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून फोन लावल्याचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्यात कधीच नाही. मला वाटलं नव्हतं तिला जमेल म्हणून. रविवारी त्याचा फोन आला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. ती घरातच होती, तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या, तवा ठेवल्याचा, पीठ थापल्याचा आवाज येत होता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हाही तिने भाकरीच थापली.

मग माझा फोन वाजला.

"मोठीमाय, माय फोन काहून उचलत न्हाई? बरी हाय ना?"

"बरी हाय."

"मग?"

थापायचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती.

"तिची मीटिंग चालू हाय," मी म्हणाले. "मागनं करंल."

त्याच्या मागे कोणीतरी त्याला हाक मारत होतं, चल लवकर म्हणत होतं. "बरं," म्हणाला आणि ठेवला. पलीकडे पुन्हा भाकरी थापायला सुरुवात झाली.